नाना गेले, मृत्युपत्र नाही. आता कुणाचं काय?

सांडगी_मिरची (धागाकर्ती)

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे धाकटे काका, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, चैत्रात गेले. वय ७३. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लग्न केलं नाही. माझे बाबा २००९ ला गेले, तेव्हापासून नाना आणि आम्ही सांगलीत एकाच गल्लीत. शेवटची सहा वर्षं त्यांचा डबा, दवाखाना, आठवड्याला दोनदा डायलिसिस, सगळं माझ्याकडे. माझा भाऊ बंगळुरूला असतो. थोरले अण्णाकाका पुण्यात, वय ७९. आत्या मुलाकडे न्यू जर्सीत. आजी-आजोबा कधीच गेले.

मागे राहिलेलं असं:

नानांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला सोसायटीतला फ्लॅट. सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरलेलाच नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत ९ लाखांची एफडी, नॉमिनी मी. एका सहकारी बँकेत बचत खात्यात ३ लाख ४० हजार, तिथे नॉमिनी कोणी नाही. तासगाव तालुक्यात ३४ गुंठे जमीन, आजोबांनी स्वतः विकत घेतलेली. आजोबा १९८३ ला गेले, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव.

आणि एक डायरी. शेवटच्या पानावर नानांच्या अक्षरात लिहिलंय: "फ्लॅट – सुमीला. शेत – सगळ्यांचं आहे तसं. पितळी घंगाळ – अण्णाला." खाली सही, तारीख. सुमी म्हणजे मी.

प्रश्न: हे मृत्युपत्र धरतात का? एफडीची मी नॉमिनी, म्हणजे ते पैसे माझे ना? आणि जायचं कुठे, तलाठ्याकडे की कोर्टात?

---

गावकुसाबाहेर

नानांना आदरांजली. सगळ्यात आधी मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा मूळ प्रती काढून ठेव. माझ्या वडिलांच्या वेळी तीनच काढल्या होत्या, चार हेलपाटे झाले. प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत बघायला मागतात आणि एखादी परत येतच नाही.

---

काळा_कोट_जुना

दिवाणी कामं करतो, म्हणून लिहितो. थोडं कडू आहे.

डायरीचं पान मृत्युपत्र होत नाही. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या वहीच्या कागदावरही चालतं. पण दोन साक्षीदार हवेतच, आणि दोघांनीही ते करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा त्याने 'ही माझीच सही' असं त्यांना सांगितलेलं हवं. तुमच्या पानावर साक्षीदार नाहीत. म्हणजे नाना विनामृत्युपत्र गेले असंच धरायचं.

आता वारस कोण. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. पुरुष गेला की आधी पहिल्या वर्गातले वारस: मुलगे, मुली, बायको, आई, आणि आधी वारलेल्या मुलामुलींची मुलं. नानांना यातलं कुणी नाही. मग दुसरा वर्ग. त्याची क्रमवार कलमं आहेत आणि वरच्या कलमात एकजण जरी हयात असला तरी खालच्या कलमातल्यांना काही मिळत नाही. पहिल्या कलमात वडील. ते नाहीत. दुसऱ्या कलमात भाऊ आणि बहीण येतात. भावाची मुलं, बहिणीची मुलं थेट चौथ्या कलमात.

थोडक्यात, फ्लॅट आणि बँकेतले पैसे अण्णाकाका आणि आत्या यांचे, निम्मे निम्मे. तुमचे वडील हयात असते तर तिघांत वाटणी झाली असती. ते आधी गेले, त्यामुळे त्यांच्या जागी तुम्ही आणि भाऊ येत नाही. मुलाच्या जागी नातू येतो, भावाच्या जागी पुतण्या येत नाही. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

---

सांडगी_मिरची

दोनदा वाचलं. मग चहा केला आणि पुन्हा वाचलं.

---

उंटावरची_शहाणी

अगं पण नॉमिनी आहेस ना! एफडीचं तरी नक्की तुझं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी नॉमिनीलाच पैसे दिले बँकेने.

---

काळा_कोट_जुना

दिले, बरोबर. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. पण नॉमिनी ते वारसांसाठी सांभाळतो, मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याबाबत सरबती देवी खटल्यात १९८३ च्या अखेरीस हेच सांगितलं, आणि शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा. विम्यात २०१५ नंतर नवराबायको, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर ते पैशांचे खरे मानकरी धरतात. पुतणी त्यात नाही.

म्हणून सांडगी, एफडीचे पैसे तुमच्या खात्यात येतील, पण अण्णाकाका आणि आत्यांनी मागितले तर द्यावे लागतील.

---

कट्ट्यावरचा_बंड्या

मी काय म्हणतो, पान नानांच्याच हातचं आहे, सही त्यांचीच आहे. दोन जुने मित्र शोधा एसटीतले, आता सह्या घ्या. कोण विचारतंय?

---

काळा_कोट_जुना

बंड्या, हा प्रतिसाद तू स्वतःहून काढ. मेलेल्या माणसाच्या कागदावर मागाहून साक्षीदार उभे करणं म्हणजे बनावट दस्त. फौजदारी गुन्हा. आणि मग ज्या अण्णाकाकांशी आज बोलता येतंय, त्यांच्याशी उद्या कोर्टाच्या पायऱ्यांवरच गाठ पडेल.

---

कट्ट्यावरचा_बंड्या

काढता येत नाहीये, संपादनाची वेळ संपली. शब्द मागे घेतो.

---

मांडवीकाठची

आमच्या गोव्यात गोष्ट वेगळी झाली असती. पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा आणि आता त्याच धर्तीवर २०१२ चा गोव्याचा स्वतःचा उत्तराधिकार कायदा. तो धर्म बघत नाही, सगळ्यांना एकच. मूलबाळ आणि आईवडील नसले की भावंडं, आणि वारलेल्या भावाच्या जागी त्याची मुलं येतात. तू पेडण्याची असतीस तर बाबांचा वाटा तुला आणि भावाला मिळाला असता.

पण आमच्याकडे 'इन्व्हेंटरी' असते दिवाणी कोर्टात. घरातल्या एकाला प्रमुख नेमतात, त्याने सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, मग वाटे, आणि वाटे जमले नाहीत तर वारसांमध्येच बोली लावायची. माझ्या आजोळच्या घराची बोली माझ्या दोन मामांत लागली होती. आधी एकत्र जेवून कोर्टात गेले, आणि परतताना दोघे वेगवेगळ्या बसमध्ये बसले.

---

गावकुसाबाहेर

शेताकडे या जरा. सांडगी, तिथे तू वारस आहेस, फक्त वेगळ्या दाराने. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन. ते गेले तेव्हा आजी आणि चार मुलं. आजी गेल्यावर तिचा वाटाही त्याच चौघांकडे. म्हणजे प्रत्येकी पाव. तुझ्या बाबांचा पाव हिस्सा त्यांच्या मागे तुझ्या आईचा, तुझा आणि भावाचा. नानांचा पाव आता अण्णा आणि आत्यांकडे. ३४ गुंठ्यांचा हिशेब: तुमच्या घराकडे साडेआठ, अण्णांकडे पावणेतेरा, आत्यांकडे पावणेतेरा. काळाकोटसाहेब, चुकत असेन तर सांगा.

---

काळा_कोट_जुना

आजी जिवंत असताना चौघांपैकी कोणी गेलं नसेल तर बरोबर.

---

सांडगी_मिरची

आजी १९९६ ला गेली, तेव्हा चौघंही होते. पण ४० वर्षांपासून सातबाऱ्यावर आजोबाच आहेत, आता ते कसं निघणार?

---

गावकुसाबाहेर

हे राज्यभराचं दुखणं आहे, म्हणून तर २०२५ च्या एप्रिलपासून 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयतांची नावं कमी करून वारसांची लावायची. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण चावडीत अजून सगळे तलाठीच म्हणतात. अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून करता येतो. मृत्यूचे दाखले (आजोबांचा, आजीचा, बाबांचा, नानांचा, चारही), प्रतिज्ञापत्र, वारसांची नावं-पत्ते. आधी वारस नोंदवहीत चौकशी होते, मग फेरफार (नाव बदलल्याची नोंद) पडतो, हरकतींसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी मंजूर करतो.

१९८३ चा दाखला मिळाला नाही तर सांगशील. आमच्या पणजोबांचा मिळेना, शेवटी ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात दुसऱ्याच गावाखाली नोंद सापडली. तिथल्या कारकुनाने पान उलटायला ओल्या बोटांनी इतका वेळ लावला की मला वाटलं आता हेही फाटणार.

एक लक्षात ठेव, फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. शेतसारा कुणाकडून घ्यायचा याची ती नोंद. आणि नावं लागली म्हणून लगेच बांध घालता येत नाहीत, वाटप करायला गेलीस की तुकडेबंदी (शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणारा कायदा) आडवी येते.

---

उंटावरची_शहाणी

बरं, आणि आत्यांना कशाला मध्ये घ्यायचं? त्यांचं लग्न झालंय, अमेरिकेत छान चाललंय. गावाकडे बहिणी सही देऊन टाकतात.

---

पाटलीण_फ्रॉम_पॅरामस

सही 'देऊन टाकतात' हो, बरोबर. माझ्या आईने दिली होती १९९१ साली, एका रक्षाबंधनाला, कशावर दिली ते तिला आजही माहीत नाही.

वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा आहेच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशभरात २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंकेला जागा ठेवली नाही. इथे तर भावाच्या मागे बहीण म्हणून सरळ निम्मा वाटा आहे. त्यांनी तो सोडावा की नाही हे त्या ठरवतील.

सांडगी, आत्यांना येणं जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावं लागेल. नेमकं कशासाठी, कोणत्या मालमत्तेसाठी, ते स्पष्ट लिहून, इथे अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून. भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. मी हे नेमकं विसरले होते, दंड पडला. मोघम 'सर्व अधिकार' लिहिलेलं पत्र सब-रजिस्ट्रार (दुय्यम निबंधक) परत करतो.

---

बँकेत_होतो_एकेकाळी

उशिरा वाचलं. खात्यांबद्दल बोलतो.

सहकारी बँकेतल्या ३ लाख ४० हजारांसाठी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा म्हणाले असतील. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांबद्दल निर्देश काढले, ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसेल तरी सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा: वारस कोण हे सांगणारा कागद, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे बँकेचं नुकसान झालं तर भरून देण्याची हमी), घेणार नसलेल्या वारसांची ना-हरकत. वाद नसेल तर. कागद पूर्ण आल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याजासकट भरपाई.

काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसणं शक्य आहे. भांडू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख बघा. तारखेशिवाय पोच म्हणजे रद्दी.

आणि एक प्रश्न. नानांचं एटीएम कार्ड कुणी वापरलंय का?

---

सांडगी_मिरची

हो. मी. दुसऱ्याच दिवशी ४०,००० काढले. पिन मला माहीत होता, त्यांची औषधं मीच आणायचे. अंत्यविधी आणि दहाव्या-बाराव्याचा खर्च.

---

बँकेत_होतो_एकेकाळी

दहातली आठ घरं हेच करतात. आता करू नका. माणूस गेला की त्या क्षणी कार्ड संपलं. अंत्यविधीचा खर्च मयताच्या मालमत्तेतून करता येतो, त्यामुळे रक्कम फार नडणार नाही, पण पावत्या एका पाकिटात घाला आणि अण्णाकाकांना स्वतःहून सांगा. त्यांना पासबुकात दिसायच्या आत. ईपीएस-९५ ची (भविष्यनिर्वाह निधीवाली) पेन्शन मृत्यूनंतरच्या महिन्याची जमा झाली असेल तर ती परत जाते, तिला हात लावू नका. त्यांचं शेवटचं आयकर विवरणपत्र भरायचं राहिलं असेल तर वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरावं लागेल. वारसाकर मात्र आपल्याकडे नाही, १९८५ ला गेला.

---

कट्ट्यावरचा_बंड्या

अवांतर: माझ्या मावशीची केस. विधवा, मूल नाही, शिक्षिका होती, स्वतःच्या पगारातून पुण्यात ब्लॉक घेतला. गेली. आम्ही भाचे वारस ना?

---

काळा_कोट_जुना

नाही. हिंदू स्त्रीला मूल नसेल, नवरा नसेल, तर तिच्या स्वकमाईच्या मालमत्तेवर आधी नवऱ्याचे वारस. तिच्या आईवडिलांकडून आलेलं असेल तेवढं माहेरी परततं. स्वतः कमावलेलं मात्र सासरी जातं. मृत्युपत्र केलं असतं तर प्रश्नच नव्हता. याच्यावर नवा धागा काढ, इथे सांडगीचं राहू दे.

---

पाटलीण_फ्रॉम_पॅरामस

म्हणजे ज्या दिराने तिला वीस वर्षं फोन केला नाही, तो? असो. नवा धागा काढच बंड्या, मी येते.

---

सांडगी_मिरची (तीन आठवड्यांनी)

रविवारी पुण्याला जाऊन आले. वकील न घेता, एकटी. पिशवीत डायरी, पावत्यांचं पाकीट आणि नानांना आवडायच्या त्या खारातल्या मिरच्या.

अण्णाकाकांनी आधी पाकीट बाजूला ठेवलं. चष्मा पुसला. डायरीचं पान बराच वेळ बघत होते. म्हणाले, "त्याचा 'ळ' शेवटपर्यंत उलटाच." मग, "घंगाळ कुठाय?"

फ्लॅटबद्दल एकच वाक्य: "त्याने लिहिलंय तसं होईल, पण कसं करायचं ते तू शोध, माझे पाय दुखतात." काकू काही बोलल्या नाहीत. पोह्यांवर खोबरं मात्र त्यांनी दोनदा घातलं.

रात्री आत्याशी व्हिडिओवर. ती रडली, मग विचारलं की नानाचा तो निळा स्वेटर आहे का. फ्लॅटचं तिलाही मान्य, पण तिच्या मुलाने मध्येच विचारलं, किंमत किती होते. सांगितली. तो गप्प बसला. त्याचं काय चाललंय माहीत नाही.

आता प्रश्न: दोघांनी हक्कसोडपत्र केलं की झालं ना? ते स्वस्त पडतं असं ऐकलंय.

---

काळा_कोट_जुना

फ्लॅटचं नाही जमणार. हक्कसोड सहमालकाच्या नावे होते. फ्लॅटमध्ये तुमचा हक्कच नाही, मग तुमच्या नावे सोडायचं काय? अण्णांनी आत्यांच्या नावे सोडला तर चालेल, तुमच्या नावे नाही. शेताची गोष्ट निराळी, तिथे बाबांच्या वाट्याने तुम्ही सहमालक आहात. तिथल्या हक्कसोडीला नाममात्र शुल्क लागतं का, हे दुय्यम निबंधकाकडे मसुदा दाखवून आधी विचारा.

फ्लॅटसाठी दोन वाटा. एक, बक्षीसपत्र. नवराबायको, मुलं, नातवंडं यांना घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात नाममात्र शुल्क आहे, पण पुतणी त्या यादीत नाही. बाजारमूल्यावर विक्रीसारखं पूर्ण शुल्क पडेल. आयकर मात्र लागणार नाही, काका-आत्या आयकराच्या व्याख्येत नातेवाईक आहेत.

दोन, दोघांनी आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र तुमच्या नावे करायचं. शुल्क शून्य, नोंदणीचा खर्च किरकोळ. पण मृत्युपत्र कधीही बदलता येतं, आणि आत्यांच्या मुलाने किंमत विचारलेली आहे.

---

गावकुसाबाहेर

मी बक्षीसपत्र म्हणेन. पैसे जातील, पण अण्णाकाका ७९ चे आहेत.

---

बँकेत_होतो_एकेकाळी

त्याआधी सोसायटी. नॉमिनेशन नाही, म्हणजे सोसायटी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवेल, मग वारसांची नावं लावेल. कमिटी कोर्टाचा वारस दाखला मागू शकते. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. हो, १८२७, पेशवाई बुडून नऊच वर्षं झाली होती. बँक ठेवी आणि शेअरसाठीचं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं, १९२५ च्या कायद्याखालचं. लोक दोन्ही एकच समजतात आणि चुकीचा अर्ज करून सहा महिने घालवतात.

---

मांडवीकाठची

एफडीचे ९ लाख? त्याबद्दल डायरीत काहीच नाही.

---

सांडगी_मिरची

नाही. ते अण्णाकाका आणि आत्याचे. मी नॉमिनी म्हणून काढीन आणि निम्मे निम्मे करीन. भाऊ म्हणतो वेडी आहेस, त्यातून बक्षीसपत्राचं शुल्क तरी वजा कर. ते मी त्यांना विचारूनच करीन.

---

सांडगी_मिरची (दीड महिन्याने)

ज्यांनी विपु (विचारपूस) केली त्यांच्यासाठी. सहकारी बँकेने आधी कोर्टाचा कागद मागितला, मी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि पोचेवर तारीख घातल्याशिवाय उठले नाही. सोळाव्या दिवशी पैसे आले. एक दिवस उशीर, सोडून दिला. सोसायटीची नोटीस छापून आली, नानांचं आडनाव चुकलं, पुन्हा छापावी लागली. आजोबांचा मृत्यूचा दाखला अजून सापडलेला नाही, ग्रामपंचायतीत बुधवारी पुन्हा बोलावलंय. आत्या डिसेंबरमध्ये स्वतः येतेय, म्हणजे कुलमुखत्यारपत्राची भानगड नाही. मुलगा सोबत येणार आहे.

घंगाळ मी एसटीनेच पुण्याला पोचवलं. कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट लागेल. काढलं. नाना असते तर आधी वजन करायला लावलं असतं.

---

गावकुसाबाहेर

बुधवारी जाताना १९८३ च्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वर्षांचं रजिस्टर माग. आणि शेजारच्या गावाचंही.